भट्टीचा कोळसा

आत्याबाईंनी पितळीभर बर्फ घेतला, त्यावर गुळाचा खडा किसला, एक चिमूट तोंडात टाकली आणि एकदम हात आखडला.

"आज गुरुवार न्हवं? माझा उपास मोडला बग."

"आज बुधवार आहे, आत्याबाई."

"गुरुवार हाय."

"हे सोमवारी रामपूरला गेले. मंगळवारी बर्फ लागला. म्हणजे आज बुधवार."

"मंगळवारी लागला त्याला दोन रात्री झाल्या. दोन्ही रात्री मी जागीच हाय. मला मोजता येत न्हाई व्हय?"

खात्री करायला खोलीत काही नव्हतं. कॅलेंडर खाली दुकानात होतं. लाईट पहिल्याच दिवशी गेली होती. रेडिओचे सेल संपत आले होते, त्यातून शेवटचं काय ऐकू आलं ते एवढंच, की शिमल्यापासून वरचे सगळे रस्ते बंद आहेत, काश्मीरकडंही तसंच आहे आणि गरज नसेल तर कुणी घराबाहेर पडू नये. ही बातमी कधीची, कालची की परवाची, तेही मला सांगता आलं नसतं. खिडकीच्या कठड्यावर साचून अर्ध्या काचेपर्यंत बर्फ चढला होता, त्यामुळं सकाळ, दुपार सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं.

"बुधवारच आहे," मी पुन्हा म्हणाले. मला तो गुरुवार होऊच द्यायचा नव्हता.

मी तेव्हा वीस वर्षांची. लग्नाला दहा महिने झालेले. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनारांकडची मोड, जुने दागिने भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचे, याला आमच्याकडं गलाई म्हणतात. आमच्या ह्यांचं, म्हणजे हणमंतरावांचं दुकान हिमाचलात पार वर, पिओला होतं. खाली दुकान आणि भट्टी, वर लाकडी जिन्यानं गेलं की आमची एक खोली. जिना बाहेरून. मागच्या बाजूला घरमालकीण राहायची, पद्मा नेगी तिचं नाव. आम्ही तिला भाभी म्हणायचो.

त्या एका खोलीत डिसेंबरपासून आम्ही तिघं होतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बर्फ बघायला आल्या होत्या. दुसरं काही कारण नव्हतं. आमच्याकडं पाऊसच धड पडत नाही. गारा तेवढ्या त्यांनी बघितल्या होत्या. "मरायच्या आधी एकदा बरफ दाव मला," असं त्या मुलाला दरवर्षी म्हणायच्या, आणि त्या वर्षी ह्यांनी त्यांना खरंच आणलं. आल्यावर महिनाभर बर्फच पडला नाही. रोज सकाळी त्या जिन्यात जाऊन आभाळाकडं बघायच्या आणि आत येऊन माझ्या कामात चुका काढायच्या. चपातीला पीठ जास्त लावते, पाणी सांडते, नवऱ्याशी हळू आवाजात बोलते. मी हळू आवाजात बोलायचे, कारण एका खोलीत त्या दोन हातांवर झोपलेल्या असायच्या.

म्हणून त्या सकाळी बुधवार-गुरुवारावरून माझं डोकं फिरलं असावं. मी म्हणाले, "बर्फ बघायचा होता ना तुम्हाला? बघितलात, खाल्लात. आता आणि कशाला राहिलाय इथं?"

त्या पितळी हातात धरून बसून राहिल्या. त्यातला बर्फ विरघळून गुळाचं पाणी झालं. मग म्हणाल्या, "रस्ता उगडला की जाते."

थोड्या वेळानं छपरावर मोठा आवाज झाला. वरचा बर्फ एकदम घसरला आणि जाताना आमच्या तंदूरचा पाइप घेऊन गेला. तंदूर म्हणजे तिकडं खोली ऊबदार ठेवायची लोखंडी चूल, तिचा धूर पाइपानं बाहेर जातो. पाइप तुटला तसा सगळा धूर खोलीत आला. आम्ही खोकत खोकत लाकडं बाहेर काढून बर्फात विझवली, दार उघडं टाकून धूर घालवला. धुराबरोबर ऊबही गेली. कळशीतल्या पाण्यावर आधीच बोटभर बर्फ होता. खोबरेल तेलाची बाटली आठ दिवस दगडासारखी होती. आत्याबाईंच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. त्यांनी तीन लुगडी एकावर एक गुंडाळली होती आणि तरी त्यांचे दात वाजत होते.

"खाली भट्टीचा कोळसा हाय," त्या म्हणाल्या.

"ह्यांनी सांगितलंय, भट्टीचा कोळसा वर न्यायचा नाही म्हणून."

"का?"

का ते मला माहीत नव्हतं. सोमवारी बसची वेळ झाली होती, खांद्याला पिशवी लावता लावता ह्यांनी चार गोष्टी सांगितल्या. दुकानाला कुलूप घाल, तेजाबाच्या बरणीला हात लावू नको, भाभीला दूध सांगून ठेव, भट्टीचा कोळसा वर न्यायचा नाही. कारण एकाचंही सांगितलं नाही. मला वाटलं, कोळसा खालून लांबून येतो, रस्ते बंद झाले तर धंद्याला पुरायला हवा म्हणून सांगत असतील.

"धंद्याला लागतो म्हणून असेल," मी म्हणाले. "नको आणायला. ओरडतील."

"त्याला म्हणावं माझ्यावर वरड. हितं माणसं गोटायला लागली." त्या किल्ली घेऊन, जिना धरून एक एक पायरी करत खाली गेल्या. मी जाऊ दिलं. सकाळी जे बोलले होते त्यानंतर त्यांना अडवायचं तोंड मला नव्हतं.

घमेलंभर लोणारी कोळसा आणून त्यांनी शेगडी पेटवली. आधी दारात धरली, फुंकली, निखारे लाल झाल्यावर आत घेतली. दार लावलं. खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबली, दाराखाली पोतं सारलं.

"बग, किती गुणाचा कोळसा. धूर म्हणून न्हाई."

खरंच नव्हता. तंदूरच्या धुरानंतर ती स्वच्छ लाल ऊब म्हणजे सुख वाटलं. त्यांनी शेगडी माझ्या बाजूला सरकवली. मी ती मधे सरकवली. तेवढ्यापुरतं आमचं भांडण मिटल्यासारखं झालं.

यापुढचं मला सलग आठवत नाही. जे आठवतं ते तुकड्या-तुकड्यानं.

मी कणीक मळत होते. मीठ घातलं. मग मीठ घातलं का ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. मग बोटानं चाखून बघितलं तर ते खारट आहे का हेच कळेना. मला त्याचं हसू आलं.

"वैजू, माझ्या डोस्क्यात कुणीतर उखळ कांडतंय," आत्याबाई म्हणाल्या.

"थंडीनं होतं. माझंपण दुखतंय."

"उमळून येतंय."

"बर्फ खाल्लात ना, त्यानं."

"व्हय. बरफच बाधला." त्या भिंतीला टेकल्या. काही वेळानं, किंवा फार वेळानं, म्हणाल्या, "शुक्रवार हाय का आज?"

"नाही."

"मग काय हाय?"

मी दिवसांची नावं मनात म्हणायला लागले आणि मंगळवारनंतर काय येतं ते मला आठवेना. त्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. शेगडी फार सुंदर दिसत होती, तिच्याकडं बघत राहावंसं वाटत होतं. हातांवर कणीक तशीच वाळून गेली.

मी उठले. पाण्याला, की तांदूळ काढायला, की दुसऱ्याच कशाला, माहीत नाही. उठले तेव्हा गुडघे माझे नव्हते. दार उघडलं, बाहेर सगळं पांढरं होतं, गार वारा तोंडावर आला. दार लावलं. हे मला स्वच्छ आठवतं, फक्त हे एकदा झालं की दोनदा ते सांगता येत नाही.

मग मी माहेरच्या आडावर बसले होते. कुणीतरी माझ्या गालांवर चापट्या मारत होतं. मला वाटलं आई आहे. आई हिंदीत का बोलतेय, असं मी विचारलंसुद्धा.

ती भाभी होती. मी आडावर नव्हते, जिन्याच्या तळाशी कमरेएवढ्या बर्फात बसले होते, स्वेटर न घालता, पायात काही नसताना. भाभी फावड्यानं तिच्या दारापासूनची वाट मोकळी करत इकडं आली म्हणून तिला मी दिसले. पुढं कितीतरी वर्षं ती हे हसत सांगायची. मी एकच शब्द धरून बसले होते म्हणे. आत्या, आत्या, आत्या. तिला वाटलं मी आटा मागतेय. पीठ संपलं म्हणून ही मुलगी येडी होऊन बर्फात बसली, असं वाटून ती माझ्या सासूला बोलवायला वर गेली.

वर आत्याबाई खिडकीखाली पडल्या होत्या. खिडकीची काच फुटलेली होती आणि त्यांच्या उजव्या तळव्यातून रक्त येत होतं. चक्कर येऊन त्या काचेवर पडल्या असाव्यात, असं सगळ्यांनी धरलं. भाभीनं शेगडी उचलून जिन्यावरून खाली भिरकावली, दोन माणसांना हाका मारल्या, आणि आम्हा दोघींना फळ्यांवर घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला समजेल अशा हिंदीत सांगितलं. कोळसा बंद खोलीत जळला की त्यातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो आधी माणसाची अक्कल काढून घेतो आणि मग जीव. आणखी अर्धा तास गेला असता तर सासू हाती लागली नसती. "काच फुटली म्हणून वाचल्या," ते म्हणाले. मी विचारलं, आज वार कोणता. गुरुवार होता.

आत्याबाई दीड दिवस बोलल्या नाहीत. डोळे उघडायच्या आणि मिटायच्या. हे चौथ्या दिवशी आले, निम्मा रस्ता पायी चालून. बूट ओले, भुवयांवर बर्फ. आईजवळ बसले, तिचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला, आणि भाभीसमोर, नर्ससमोर माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला सांगून गेलो होतो ना, कोळसा वर न्यायचा नाही म्हणून?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या जाग्या होत्या. सगळं ऐकत होत्या, मला ते दिसत होतं. मी वाट बघितली की आता सांगतील. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, अगदी अनोळखी माणसाकडं बघावं तसं, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी म्हणू शकले असते, की मी नाही, त्यांनी नेला. पण मरणातून उठलेल्या बाईवर बोट दाखवायचं कसं? आणि मनात असंही वाटत होतं, की उद्या त्या स्वतःच सांगतील.

त्यांनी सांगितलं नाही. रस्ता उघडल्यावर त्या गावी गेल्या आणि गोष्ट त्यांच्याआधी गावात पोचली. सांगून ऐकलं नाही, सासू मारायला निघाली होती. माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. ओट्यावर माझे सासरे, दोन दीर, शेजारचे चौघं. वडील शाळेतले शिपाई, कुणापुढं आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "पोर लहान हाय, चूक झाली, पदरात घ्या." आत्याबाई उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. तिथंही त्या बोलल्या नाहीत. हे मला पुढं आईकडून कळलं. वडील वारले तेव्हाही त्यांना हेच माहीत होतं, की कोळसा मी नेला.

दहा वर्षांनी पिओचं दुकान धाकट्या दिरानं घेतलं आणि आम्ही गावी राहायला आलो. आत्याबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. चपातीला पीठ जास्त लागतं असंही म्हणाल्या नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी रात्री जागून काढल्या. पण मी खोलीत असले आणि दार लोटलेलं असलं, की त्या उठून ते उघडायच्या आणि पाट लावून ठेवायच्या. पौषाच्या थंडीतसुद्धा. मला वाटायचं, त्या वायूची भीती मनात बसली. त्यांनी माझ्यावर आळ का येऊ दिला, हे मला कधीच कळलं नाही. स्वतःच्या मुलाला भ्यायच्या म्हणावं, तर हा मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. माझा राग म्हणावा, तर रागाची माणसं बाळंतिणीचे पाय शेकत नाहीत. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग विचारायची वेळच निघून गेली असं वाटायला लागलं.

एकवीस वर्षांनी एका जानेवारीत आम्ही दोघी सोप्यात पावटा सोलत बसलो होतो. टीव्ही चालू होता. उत्तरेत थंडीची लाट, रेल्वे उशिरा, रस्ते बंद. मग एका शहराचं नाव घेऊन सांगितलं, की बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. नवरा, बायको, दोन मुलं. मी टीव्ही बंद केला.

आत्याबाई शेंग हातात धरून बसल्या. पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या, दृष्टी कमी झाली होती.

"वैजू, एक इचारू?"

"विचारा की."

"तू कडी का लावलीस?"

"कसली कडी?"

"पिओला. भायेरनं."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही.

"तू उटलीस," त्या म्हणाल्या. "दार उगडलंस. वारं आत आलं, मला जरा सुद आली. मी म्हणलं, आता ही मला उचलील. तर तू भायेर गेलीस, दार लावलंस, आणि कडीचा आवाज आला. मी हाका मारल्या. तू जिन्यात हुतीस, मला तुजे पाय ऐकू येत हुते. मी सरपटत दाराला गेले, ढकललं. उगडलं न्हाई. मग चिमटा घिऊन काच फोडली."

त्यांनी तळवा माझ्यापुढं धरला. तो व्रण मी एकवीस वर्षं बघत होते, त्या हाताला तेल लावून दिलं होतं.

"मी पडले नव्हते काचेवर," त्या म्हणाल्या.

माझ्या मांडीवरचा पावटा घरंगळून गेला. मी आठवायचा प्रयत्न केला. दार उघडलं, पांढरं, वारा, दार लावलं. हाताला लोखंडाचा गारवा लागला होता का? लागल्यासारखं वाटलं. पण तो त्या दिवशीचा होता, की आत्ता त्यांनी सांगितल्यावर मी तयार केला, ते मला कळेना.

"मला माहीत नाही, आत्याबाई."

"मुद्दाम लावलीस?"

"तेही माहीत नाही. तिकडं सगळेच लावायचे, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. मलाही ती सवय लागली होती. पण सकाळी मला तुमचा राग आला होता, हे खरं आहे. त्या वेळी डोक्यात काय होतं ते मला सांगता येत नाही. खाली बसून मी तुमचंच नाव घेत होते म्हणतात. तेही मला आठवत नाही."

त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या.

"न्हाई म्हणाली असतीस तर मला पटलं नसतं," शेवटी म्हणाल्या. "भाभी आली, तिनं कडी काढली. तो आवाजपण मी ऐकला. मग दवाखान्यात हणमंता तुला बोलला. मी म्हणलं, हिनं मला कोंडलं, हिला ऐकू दे. तुजा बाप आला तवा जीब उचलली हुती. तुजे सासरे म्हणाले, तू गप बस. मी गप बसले. त्यांनी सांगितलं म्हणून न्हाई. मलाच बोलायचं नव्हतं."

"माझे अण्णा गेले, आत्याबाई. त्यांना शेवटपर्यंत..."

"ठावं हाय मला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. शेंगा पुन्हा हातात घेतल्या, पण सोलल्या नाहीत. "रोज वाटायचं, आज हिला इचारू. मग वाटायचं, इचारलं आणि व्हय म्हणाली तर मी हिच्या हातचं जेवायचं कसं?"

मी उठून त्यांच्याजवळ बसले. उरलेला पावटा आम्ही सोलून संपवला.

दुपारी हे रानातून जेवायला आले. आत्याबाई त्यांच्याशेजारीच पाटावर बसायच्या. मी भाकरी टाकत होते.

"हणमंता," त्या म्हणाल्या, "पिओचा कोळसा मी वर नेला हुता. वैजूनं न्हाई. ती नको म्हणत हुती."

मी तव्यावरचा हात थांबवला.

हे भाकरी मोडता मोडता आईकडं बघायला लागले. "कसला कोळसा?"

"बरफात. मी मराय लागले हुते तवा."

"ते व्हय." त्यांनी क्षणभर आठवल्यासारखं केलं. "आसंल. त्याला लई वर्सं झाली की. कोण धरून बसलंय?" आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आमटी वाढ जरा."

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. तोंड तसंच उघडं राहिलं होतं. मला हसू येतंय की रडू येतंय ते समजेना, आणि त्यांचंही तेच झालं असावं, कारण त्यांची हनुवटी थरथरत होती आणि ती कशानं ते ओळखू येत नव्हतं. मी पातेलं उचललं आणि ह्यांच्या आधी आत्याबाईंच्या ताटात आमटी वाढली.